लाल गोंड्याचा खुळखुळा

डोंबिवली पूर्वेच्या त्या हॉलमध्ये खुर्च्या कधीच संपल्या होत्या. आज्या भिंतीला टेकलेल्या, बाप मंडळी दुपट्यांच्या पिशव्या सांभाळत उभी, आणि स्टेजवर रेशमी कुर्त्यातले नादगुरू प्रभाकर. त्यांनी लाल गोंड्याचा खुळखुळा वाजवला आणि समोर बसलेल्या एका आईच्या मांडीवरच्या बाळाने झटकन मान वळवली.

"वळला गं, वळला!" हॉल टाळ्यांनी दणाणला.

"हा खुळखुळा नाही, माउली! ही मेंदूच्या कुलपाची किल्ली आहे," नादगुरू माइकवर घुमले. "बाजारातली खेळणी बाळाला रमवतात, आमचं खेळणं बाळाला घडवतं. सात सुरांचं पाणी पाजलंय या लाकडाला!"

"ते पाणी कुठल्या नळाला येतं हो?" मागून एक काका ओरडले. "आमच्याकडे साधंच एक दिवसाआड येतं!"

हशा पिकला, पण रांग काही मोडली नाही.

त्या रांगेत क्षिप्रा होती. कडेवर दहा महिन्यांची सान्वी. नादगुरूंच्या खेळण्यांचा पहिला संच, खुळखुळ्यासकट, घरी होता, ती दुसरा घ्यायला आली होती. बाळाच्या वाढीवरची पुस्तकं वाचणाऱ्या बाईला हे कसं पटलं? तिला ते पटायला हवं होतं, म्हणून पटलं. तिची आई, प्रमोदिनीबाई, सारखी म्हणायची, "कुकरची शिट्टी झाली तरी पोर दचकत नाही गं. एकदा कान दाखव."

"आई, तू प्रत्येकात खोट काढतेस!"

दिवाळीच्या आधी आई आजारी पडून हॉस्पिटलात होती, तेव्हा क्षिप्राने खाटेशेजारी हाच खुळखुळा वाजवून दाखवला. सान्वी वळली. आईने थकलेले हात जोडले. "चुकलंच माझं. उगाच पोरीवर संशय घेतला." दिवाळीनंतर ती गेली.

रांग स्टेजच्या कडेला आली, तसं क्षिप्राला ते बाजूने दिसलं. गोंडा आधी हलत होता, आवाज नंतर येत होता. बाळं वळत होती ती गोंड्याकडे. घरी तीही असाच वाजवायची, गोंडा डोळ्यांसमोर धरून.

"गुरुजी, एकदा पाठीमागून वाजवता?"

"ताई, पाठीमागून नाद शिरला तर मेंदू उलटा फिरतो!"

"अहो, पण कान तर बाजूला असतात," पाणीवाले काका म्हणाले.

क्षिप्राने सान्वीला पुढच्या खुर्चीवरच्या एका आजीच्या मांडीवर दिलं, स्टेजवरचा एक खुळखुळा उचलला आणि लेकीच्या पाठीमागे उभं राहून वाजवला. शेजारची दोन बाळं वळली. सान्वी फ्रॉकची कड चघळत राहिली. क्षिप्राने आणखी जोरात वाजवला. काही नाही. मग तिने खुळखुळ्याचं तोंड मुठीत आवळून आवाज बंद केला आणि नुसता गोंडा पुढे नेला. सान्वी वळली आणि खुदकन हसली.

"आईची श्रद्धा कमी पडली," नादगुरू माइकवर म्हणाले. या वेळी टाळी वाजली नाही.

पुढच्याच आठवड्यात ठाण्याच्या कानांच्या डॉक्टरबाईंनी झोपलेल्या सान्वीच्या डोक्याला तारा लावून तपासणी केली. "दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येतंय. यंत्र लावू, बोलायला शिकवू. आधी आला असतात तर आणखी बरं झालं असतं. घरात पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या आईच्या."

"पुढच्या वेळी आजींना घेऊन या. असं बारीक लक्ष असलेलं माणूस आम्हाला हवंच असतं."

"हो," क्षिप्रा म्हणाली आणि तिने पुढच्या भेटीची तारीख लिहून घेतली.

बाळासाठी खेळणं निवडायचं तर वाटी-चमचा घ्या, कापडी चेंडू घ्या, परवडेल ते घ्या आणि त्याच्याशी भरपूर बोला. कुठलंही खेळणं मेंदूचं कुलूप उघडत नाही. आणि घरातलं कोणी म्हणालं, 'पोर आवाजाला वळत नाही', तर त्याला खोटं पाडायला खुळखुळा शोधू नका. कान तपासून घ्या. शंका फोल निघाली तर एक सकाळ वाया जाईल, एवढंच.