माहिती पुरेशी आहे

निपाणीच्या जिनदत्त अण्णांना अडुसष्टाव्या वर्षी एका परदेशी विधवेचा ईमेल आला, की ती मरायला टेकली आहे, तिचं लपवून ठेवलेलं सोनं आहे आणि त्यातला अर्धा वाटा ती त्यांना देऊ इच्छिते. मराठी असं मोडकं की मशीननंच पाडलेलं. तंबाखूच्या दलालीत जन्म गेलेला माणूस, त्याला कोण टोपी घालणार? 'आधी सोनं पाठव, मग बोलू,' असं उत्तर ठोकून अण्णा मोकळे झाले.

पुढं क्षमावणी आली. पर्युषण संपलं की जैनांनी एकमेकांची क्षमा मागायची. पूर्वी त्यासाठी दारोदार जावं लागायचं, आता फोनवर भागतं. 'जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा' एवढं लिहून अण्णांनी फोनमधले सगळे पत्ते एकदम निवडले आणि बटण दाबलं. त्यात ती विधवाही गेली. दिवसभर हात जोडलेले उलट निरोप येत राहिले. तिचा मात्र प्रश्न आला: 'कोणत्या गोष्टीची?'

एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं होतं का? सगळे आपले उत्तम क्षमा म्हणायचे आणि लाडू खायचे. अण्णा दुपारभर फोन मांडीवर घेऊन बसले आणि मग लिहू लागले. आईनं बहिणीसाठी, शालनसाठी, ठेवलेले सोन्याचे चार बिलवर आपणच उचलले. आळ घरकाम करणाऱ्या मनुबाईवर गेला, तो आपण जाऊ दिला. तिला पोलिसांनी दोन दिवस बसवून ठेवलं, पुन्हा गावात कुणी घरात घेतलं नाही, तेव्हापासून ती विड्या वळते. बिलवर विकायची छाती झाली नाही. एकतीस वर्षं ते कपाटाच्या चोरकप्प्यात पडून आहेत. विधवा विचारत गेली, आणि अण्णा मनुबाईची गल्ली, घर, त्या दिवशी ती काय म्हणून रडली, सगळं सांगत गेले. बँकेतून फोनवर आलेला आकडा कुणाला सांगू नये हे त्यांना पक्कं ठाऊक होतं; हे सांगू नये असं कुणी बजावलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'माहिती पुरेशी आहे. आभारी आहे.' त्यानंतर त्या पत्त्यावर एकही मेल जाईना.

पण अण्णांना भलतंच हलकं वाटत होतं. एकदा सांगून झालं, तर आता मनुबाईसमोरही तोंड उघडेल, आणि तिनं एकदा माफ केलं की मरताना तरी मन खाणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना त्यांनी कपाट उघडून बघितलं. चारही बिलवर जागेवर होते, एकाला आईच्या हातून पाट्यावर आपटून पडलेला पोचाही तसाच होता. न्यावेत का, असं क्षणभर मनात आलं. पण म्हातारी माफ करणारच असेल तर सोनं कशाला घालवा? काय म्हणावं या माणसाला! कपाटाला कुलूप लावून ते गेले.

मनुबाई दारातच मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. सत्तरी उलटली तरी नजर शाबूत. पान कापताना कात्री तसूभर हलत नव्हती.

"या अण्णा," ती म्हणाली. "आज परत?"

"परत म्हंजे?"

"काल आलतासा की. हितंच बसलासा, लई रडलासा. केलं म्हटलं न्हवं मी माफ? एकाच माणसानं किती येळा मागायची ओ?"

अण्णांचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. दोन्ही मनगटांत दोन-दोन बिलवर होते, आणि त्यातल्या एकाला तोच, पाट्यावर आपटल्याचा पोचा होता. माफी दिली गेली होती, आणि ती त्यांना मिळालेली नव्हती.

"मनुबाई," ते कसंबसं म्हणाले, "काल आलता त्यो मी न्हवं."

मनुबाईनं सूप खाली ठेवलं. त्यांचा चेहरा तिनं नीट न्याहाळला, मग त्यांचे दोन्ही हात बघितले.

"व्हय?" ती म्हणाली. "मग तुमी काय घिऊन आलासा?"