डोळ्याला भिंग होतं

"मयत तुमचे कोण?" काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं.

"आजोबा. आईचे वडील," रफूताई म्हणाली.

"वारस म्हणून काही दावा आहे?"

"दावा कसला आलाय, बाई. नुसतं बघायचंय."

नुसतं बघायला इथे कुणी येत नसावं, कारण मुलीने आता मान वर केली. तेवढ्यात रफूताईचा भाऊ मध्ये घुसला. "हे बघा, मृत्युपत्रांची जुनी रजिस्टरं मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या कपाटात. मी इथलाच माणूस. सगळा जन्म इथे नकला करण्यात गेला. सुसाट म्हणायचे मला. विचारा कुणालाही."

मुलीने इकडेतिकडे पाहिलं. विचारावं असं कुणी नव्हतंच. त्याच्या वेळची माणसं एकतर घरी बसली होती, नाहीतर वर गेली होती. "ती कपाटं कधीच हलवली, आजोबा," ती म्हणाली. "बसा तुम्ही. आणते मी."

"आजोबा म्हणाली मला," बाकावर बसता बसता भाऊ कुरकुरला.

"मग काय बाळ म्हणणार? ते म्हणायला मी आहे अजून. बस गुमान."

ताईला सगळे रफूताई म्हणत. एका लाँड्रीच्या काचेमागे बसून तिने अख्ख्या गावाचे फाटके कोट, शाली, पडदे सांधले होते. तिने बुजवलेलं भोक मालकालाही हुडकून सापडत नसे. आता मात्र एक डोळा गेल्यात जमा होता आणि दुसरा त्याच वाटेवर. "वाचायचं-बिचायचं असेल ते लवकर वाचून घ्या," असं डॉक्टरने सांगितलं होतं. दुसरी एखादी असती तर पोथ्यापुस्तकं काढून बसली असती. रफूताईला वाचायचा होता तो एकच कागद.

तो कागद कुठे असेल हेही जन्मभर माहीत नव्हतं. आईच्या माहेरचं नाव घरात काढायचं नाही, हा वडिलांचा दंडक. आई गेली, वडील गेले, तरी ते नाव काही कुणाच्या तोंडून आलं नाही. गेल्या थंडीत एका मयताच्या घरी बहिरी चुलत आत्या भेटली आणि काही एक कारण नसताना, चहा ढवळता ढवळता, आईच्या वडिलांचं नाव, दुकान आणि गल्ली, सगळं घडाघडा बोलून गेली. भावाने कपाळावर हात मारला. "अगं, ती गल्ली आमच्याच हद्दीत. म्हणजे त्यांचं मृत्युपत्र असलं तर आमच्याच ऑफिसात! काखेत कळसा आणि गावाला वळसा!" तेव्हापासून रफूताईने त्याला नीट जेवू दिलं नव्हतं. आज जाऊ, उद्या जाऊ, पण जाऊच.

तिला इस्टेट नको होती. मेलेल्या माणसाच्या खुर्च्याटेबलांचं ती काय करणार होती? आई त्याच्या मनाविरुद्ध लग्न करून निघून आली होती, आणि म्हाताऱ्याने मरताना तरी तिला आपली म्हटलं की नाही, एवढंच तिला हवं होतं. 'माझी मुलगी' असे दोन शब्द असले तरी चालणार होते.

म्हातारा घड्याळजी होता. रफूताई लहान असताना आई एकदा तिला त्याच्या दुकानासमोर घेऊन गेली होती. धाकटा तेव्हा आईच्या पोटात होता. आईने ताईचे केस ओले करून चापूनचोपून बसवले होते, स्वतः कधी नव्हे ते इस्त्रीचे कपडे घातले होते. काचेपलीकडे एक माणूस खाली वाकून काम करत होता, डोळ्याला काळ्या नळीचं भिंग. त्याने मान वर केली. अगदी सरळ त्यांच्याकडे. आईचा हात ताईच्या हातात घट्ट झाला. मग त्याने मान खाली घातली आणि पुन्हा काम करू लागला.

आई बराच वेळ तिथे उभी राहिली. परतताना ताईने विचारलं, "त्यांनी आपल्याला बोलावलं का नाही?" आई म्हणाली, "डोळ्याला भिंग होतं ना गं. त्यातून लांबचं दिसत नाही. दिसलं नसेल."

पुढे आई तापाने गेली. शेवटच्या दिवसांत दार जरा वाजलं की विचारायची, "कोण आलं गं?" ताई म्हणायची, "वारा, आई." धाकटा तेव्हा रांगत होता. त्याला ताईनेच वाढवलं, आणि आई त्याला ठाऊक झाली ती ताईच्या तोंडून. दुकानाची ती गोष्ट ताईने त्याला कितीदा सांगितली असेल, आणि दर वेळी शेवटी तेच, की भिंग होतं, दिसलं नसेल.

मुलीने जाडजूड रजिस्टर आणून टेबलावर आदळलं. "पानं जपून उलटा."

"मला सांगते," भाऊ म्हणाला, पण आता खुशीत होता. त्याने अंगठ्याला थुंकी न लावता, जुन्या सवयीने कोपऱ्याला बोट लावून पानं सरकवली, आणि नाव सापडताच टेबलावर थाप मारली. "हे घे! मृत्युपत्र, घड्याळजी. वाचू?"

"वाच. सावकाश."

भाऊ ठसक्यात वाचू लागला. दुकान थोरल्या मुलाला. भिंतीवरची घड्याळं धाकट्या मुलाला. हत्यारं हाताखालच्या कारागिराला, 'कारण त्याचा हात माझ्या दोन्ही मुलांपेक्षा स्थिर आहे.'

"खडूस होता मेला," रफूताई म्हणाली आणि चक्क हसली. म्हातारा आपल्याला हसवील असं तिला वाटलं नव्हतं.

"लाकडी शिडी शेजाऱ्याला, कारण ती मुळात त्याचीच आहे." भाऊही हसला. "पुढे ऐक. 'राहता राहिली माझी थोरली मुलगी...'"

रफूताईने टेबलाची कड धरली. माझी मुलगी. म्हटलं होतं त्याने.

"'...जी माझ्या मनाविरुद्ध लग्न करून गेली. तिच्याबद्दल मला...'" भाऊ थांबला.

"वाच ना."

"संपलं, ताई."

"संपलं कसं? वाक्य अर्धं आहे."

"पुढे काही नाही. चल, उशीर होतोय." आणि त्याने पानावर पंजा ठेवला. ह्या कार्ट्याने लहानपणी फुटलेली बरणी अशीच पंजाने झाकली होती. रफूताईने त्याचा हात उचलून बाजूला केला, पिशवीतून आपलं भिंग काढलं आणि पानावर वाकली.

'तिच्याबद्दल मला' ह्या शब्दांनंतर निळा शिक्का होता. अवाचनीय. शेजारी शाईने लिहिलं होतं, तीन ओळी. आणि त्यानंतर मजकूर पुन्हा सुरू होत होता, 'हे मी शुद्धीवर असताना, कुणाच्या दडपणाशिवाय लिहिले आहे.'

तिला आधी कळेना. तिने शिक्का पुन्हा वाचला. मग भिंग हळूहळू वरच्या ओळींवरून फिरलं आणि थांबलं. अक्षर मोठं लपेटदार, घाईतलं, आणि प्रत्येक ओळ शेवटाला जरा वर चढलेली. पाटीवर हे अक्षर तिनेच हात धरून गिरवून घेतलं होतं. ओळ वर चढली की टपलीही तिनेच मारली होती, पण चढायची ती चढायचीच.

"बाळ," ती म्हणाली. "हे तू लिहिलंयस."

भावाचा चेहरा पार उतरला होता.

"बोल की."

"पुराच्या वेळची रजिस्टरं आहेत ही," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तळघरात पाणी शिरलं होतं. भिजलेल्या कागदांवरून आम्ही सगळ्या नकला नव्याने उतरवल्या. मला कुठे माहीत होतं गं हे कोण ते? नाव तरी माहीत होतं का आपल्याला?"

"पण मजकूर? मुलगी मनाविरुद्ध गेली, घड्याळाचं दुकान... मी तुला एवढं सांगितलेलं, आणि तुला काहीच वाटलं नाही?"

"नक्कल करणाऱ्याने वाचायचं नसतं, ताई. वाचत बसलं की हात थांबतो. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं. डोळ्यातून हातात, मध्ये डोकं आणायचं नाही."

"आणि हा शिक्का?"

"शाई फुटली असेल तर मारायचा. आधी पान खिडकीच्या उजेडात धरायचं. नाहीच लागलं तर हेडक्लार्कला बोलवायचं. त्यालाही नाही लागलं तर शिक्का."

"तू उजेडात धरलं होतंस?"

"आठवत नाही."

"आठव!" काउंटरवरची मुलगी वळून बघू लागली, पण रफूताईला तिचं भान नव्हतं. "हेडक्लार्कला बोलावलंस का?"

"तो यायला तासभर लावायचा. मी... आम्ही सगळेच मारायचो गं शिक्के. असे कितीतरी मारलेत मी."

"मूळ कागद कुठेत?"

"जाळले. बुरशी धरली होती. मागच्या अंगणात ढीग करून जाळले." त्याने मान खाली घातली. "थंडीचे दिवस होते. आम्ही हात शेकले त्यावर. चहा केला."

रफूताईला वाटलं, उठावं आणि ह्या म्हाताऱ्या भावाच्या थोबाडीत द्यावी. "मेल्या, एवढी घाई कसली होती तुला? कोण लागलं होतं पाठीशी?"

"कुणी नाही. पहिला यायचं असायचं मला," भाऊ म्हणाला. "तू गोड करायचीस ना."

करायची. आमचा बाळ सगळ्यांच्या पुढे, बाकीच्यांचं पान होईपर्यंत ह्याची दोन, हे तिने लाँड्रीत आलेल्या गिऱ्हाइकांना धरून धरून सांगितलं होतं. त्या दिवशी संध्याकाळीही तो ताठ मानेने घरी आला असेल, आणि तिने त्याला गोड वाढलं असेल.

ती पुन्हा पानावर वाकली. भोकाच्या कडा नीट बघितल्या की मधला धागा कसा गेला असेल ते कळतं, ह्यावर तर तिचं सगळ्या जन्माचं पोट भरलं होतं. अलीकडची कड, 'तिच्याबद्दल मला'. पलीकडची, 'हे मी शुद्धीवर असताना'. तिच्याबद्दल मला वाईट वाटतं. तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. तिच्याबद्दल मला कळवा. तिच्याबद्दल मला विचारू नका. जो धागा घालावा तो बसत होता. तीन ओळी म्हणजे पुष्कळ झाल्या, शेजाऱ्याच्या शिडीला तर एकच दिली होती. पण शिव्याही तीन ओळी भरून देता येतात. डोळ्याला पाणी आलं आणि मग अक्षरंच दिसेनात.

"नक्कल हवीय का?" मुलीने जवळ येऊन विचारलं. तिचा आवाज आता मऊ होता. "शिक्क्यासकट येईल पण."

"नको, बाई," रफूताई म्हणाली. "एक झाली तेवढी पुरे."

बाहेर बसस्टॉपच्या बाकावर दोघं बसली. शाळा सुटली होती, गर्दी होती, आणि त्या गर्दीत भाऊ ढसाढसा रडू लागला. पोरं वळून वळून बघत होती.

"काहीतरी बोल ना मला, ताई. शिव्या दे. आईची शेवटची गोष्ट मी हाताने पुसली. उजेडात धरायला काय धाड भरली होती मला? मी बघितलंच नाही गं. बघितलंच नाही."

द्यायला शिव्या होत्या. जिभेवर आल्याही होत्या. पण तिने त्याच्याकडे पाहिलं. केस पांढरे, नाक वाहतंय, रुमाल नेहमीसारखा घरी विसरलेला. तिने आपल्या पदराने त्याचं नाक पुसलं, आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"फुटकी शाई होती ना रे. त्यात कुणालाही लागलं नसतं. दिसलं नसेल."

स्वतःचा आवाज तिला ऐकू आला आणि ती जागच्या जागी गार झाली. तो आवाज आईचा होता. तसाच हलका, तसाच समजूत घालणारा, आणि त्यातल्या एकाही शब्दावर बोलणारीचा विश्वास नव्हता. म्हाताऱ्याला दिसलं होतं. काचेतून त्याने दोघींना नीट पाहिलं होतं आणि मान खाली घातली होती. आईला ते तिथेच, त्याच क्षणी कळलं होतं. भिंगाची गोष्ट हात धरून चालणाऱ्या पोरीसाठी होती, आणि पोरीने ती म्हातारी होईपर्यंत खरी मानली. पुढच्या तीन ओळींत त्याचं मन बदललं होतं की नाही, ते आता कुणालाच कधी कळणार नव्हतं.

"खरंच म्हणतेस?" भावाने विचारलं.

"हो रे, बाळ."

त्याने नाक ओढलं. जरा शांत झाला. कोपऱ्यावरून बस वळली. रफूताईला नुसता एक लाल ढग दिसला.

"आपली आहे का बघ."

भाऊ उठला, पार रस्त्याच्या कडेपर्यंत गेला. डोळे पुसून त्याने पाटी वाचली, मग एकेका अक्षरावर बोट नाचवत पुन्हा एकदा वाचली.

"नाही," परत येऊन तो म्हणाला. "आपली नाही."

"बस मग," रफूताई म्हणाली, आणि त्याच्यासाठी बाकावर सरकली.