मांडीवरचा पाय

धामणवाडीत कस्तुराबाईंच्या हातचं जेवायला कुणाची ना नव्हती. पण त्यांच्या हातात पाय द्यायची वेळ आली की अख्खं गाव पाय पोटाशी घेऊन बसायचं.

बाईंचं वय पासष्ट. घर गावातलं थोरलं. मारुतराव सोसायटीचे माजी चेअरमन, त्यामुळे गावानं बाईंना आजवर वाकून नमस्कारच घातलेला. दोन वर्षांपूर्वी लेकीच्या, अनुपमाच्या बाळंतपणाला त्या शिक्रापूरला गेल्या. तिथं अनुपमाच्या खालच्या मजल्यावर एक वर्ग चाले. सकाळी योगासनं आणि संध्याकाळी तळपायाचे बिंदू दाबून, काशाची वाटी फिरवून पाय मोकळे करणं. कंपनीतली पोरं बारा-बारा तास मशीनपुढं उभी राहून यायची आणि तिथून हलकी होऊन जायची. बाईंचे स्वतःचे आखडलेले गुडघे त्या वर्गातच सुटले. बाळ तीन महिन्यांचं झालं, तरी बाई परतायचं नाव काढीनात. शेवटी परीक्षा दिली, कागद मिळवला, नातवाचा पापा घेतला आणि गावी आल्या.

देवळामागं मारुतरावांची एक मोकळी खोली होती. बाईंनी ती सारवली, सतरंज्या अंथरल्या आणि बायांना हाक दिली. आसनांना बाया आल्या. पदर खोचून ताडासनात उभ्या राहिल्या, एकमेकींकडं बघून खिदळल्या. रंगुबाई तर म्हणाली, "आक्का, घरात येवढा येळ निवांत उभं ऱ्हायाला मिळत न्हाई वो, म्हून येती मी." पण आसनं आटोपून बाईंनी वाटी आणि तूप काढलं, की बायांना म्हशी आठवायच्या.

मारुतरावांच्या शेतात तीस वर्षं खुरपायला येणाऱ्या रतनबाईचं बाईंना जास्त लागायचं. तिचं माणूस मेंढरं राखायचं. त्यांच्यामागं तिनं तरुणपणी कोकणापर्यंत वाटा तुडवलेल्या. आता टाचा अशा फुटलेल्या की सकाळी पहिलं पाऊल टाकताना भिंत धरावी लागायची. बाई एकदा तिचा पाय धरायला वाकल्या, तर ती किंचाळलीच.

"आक्का! तुमी वडील मानूस. तुमच्या घरचं मीठ खाल्लंय मी. तुमी माझ्या पायाला हात लावायचा म्हंजी मला थेट नरकात धाडायचं व्हय?"

"अगं, औषध हाय ते."

"औषध घशातनं जातं. ह्ये पाप हाय."

सगळ्या गावाचं हेच. बाई थोरल्या घरच्या, वयानं वडील. त्यांनी पाय शिवायचे म्हणजे पाय देणाऱ्याच्या माथी पाप. पुण्याहून कोणी पगारी मुलगी आली असती तर रांग लागली असती.

मारुतरावांना वेगळाच सल होता. पारावर कुणीतरी विचारलं होतं, "चेअरमन, वहिनी आता लोकांचं पाय दाबत्यात म्हनं?" त्या दिवशी ते जेवले नाहीत. सप्ताह बसायच्या आदल्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "काल्याच्या दिवसापर्यंत बघतो. तोवर गावातलं एक जरी मानूस आपनहून तुझ्याफुडं पाय पसरून बसलं, तर खोली तुझी. न्हाई तर काल्याच्या सकाळी खताच्या गोन्या टाकनार हाय तिथं. टेम्पो सांगितलाय."

"येकच मानूस?"

"येकच. म्हंजी तू म्हनशील म्या अन्याय केला, तसं नगं."

रात्री पांडुरंगाच्या तसबिरीपुढं दिवा लावताना बाई म्हणाल्या, "एवढं शिकीवलंस कशाला मग?"

सप्ताह म्हणजे धामणवाडीची दिवाळी. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, पहाऱ्यामागून पहारा, या खांद्यावरून त्या खांद्यावर. पहाटे काकडा, दुपारी पारायण, संध्याकाळी सात ते नऊ कीर्तन. ज्यानं टाळांचा तो एका दमात उठलेला नाद ऐकलाय, त्याला सांगायला नको. अंगातली सगळी मरगळ त्या नादात झडून जाते. बाई चार दिवस मांडवाच्या कडेला बसून कीर्तन ऐकत होत्या, पण पहिल्यांदाच त्यांचं मन कथेत रमत नव्हतं. नजर जायची ती लोकांच्या पायांकडं. कुणाच्या भेगा, कुणाची सूज, कुणाचा बाहेर आलेला अंगठा. आणि मधेच कुणाला त्यांच्या नजरेची चाहूल लागली की पटकन धोतराखाली, लुगड्याखाली ओढून घेतलेले पाय.

पाचव्या दिवशी स्वराज महाराजांचं कीर्तन होतं. वय तिशीचं, आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही डोलावं वाटावं. जेवायची, टेकायची सोय थोरल्या घरी. आदल्या दिवशी शिरूरला कीर्तन, दुपारी शिक्रापूरला प्रवचन, आणि तिथून निघताना चौकातल्या ट्रकांच्या रांगेत दीड तास क्लच दाबून बसलेले. पाच वाजता गाडी दारात थांबली. महाराज उतरले आणि दाराला धरून तसेच उभे राहिले.

"काय झालं?" मारुतराव धावले.

"टाच, आबा. महिनाभर झालंय. आज जमिनीला टेकवत नाही." महाराज ओसरीवर बसले. चेहरा पांढराफटक. "डॉक्टर म्हणाले विश्रांती घ्या. सप्ताहाच्या दिवसांत कशी घेऊ? पण आज उभं राहता येईल असं वाटत नाही मला."

कीर्तन बसून होत नाही. नारदाच्या गादीवर उभंच राहायचं असतं. सात गावांची माणसं यायची होती. मारुतरावांनी फोन लावला, पण दुसरे कोणी महाराज दोन तासांत येणं शक्य नव्हतं.

आतून कस्तुराबाई आल्या. हातात काशाची वाटी आणि तुपाचं भांडं. त्यांनी आधी विचारलं, "शुगर हाय का? पायाला जखम, फोड?"

"नाही."

"मग द्या पाय."

महाराजांनी पाय चटकन मागं घेतला. अगदी रतनबाईसारखाच. "नको, आई. तुम्ही माझ्या आईहून मोठ्या. मी कसा पाय देऊ? दोष लागेल मला."

बाईंनी वाटी खाली ठेवली. पुढचं बोलणं त्यांनी काही योजलेलं नव्हतं. आपोआप आलं.

"महाराज, सात वाजता तुमी मांडवात याल. तवा हे आमचं मालक सत्तरीचं, तुमच्या पायावर डोकं ठेवतील. मी ठेवीन. नव्वदीचं म्हातारंसुदिक ठेवील. तवा तुमी पाय वढून घेता का?"

"ते माझ्या पायावर नसतं आई. ते नारदाच्या गादीला असतं."

"मग मी बी त्या गादीचाच पाय धरते. कपाळ टेकवलं तर पुन्य आन् आंगठा टेकवला तर पाप, ह्यो हिशेब कुठल्या पोथीत हाय, तेवढं सांगा. मी वाटी आत ठेवते."

मारुतरावांनी डोळे वटारले. आणि महाराज हसायला लागले. आधी ओठांतल्या ओठांत, मग पोट धरून. "हरलो, माऊली," म्हणाले, आणि डावा पाय त्यांनी बाईंच्या मांडीवर ठेवला.

बाईंनी टाचेला आधी हातच लावला नाही. पोटरी चाचपली. ती लाकडासारखी ताठलेली. "दुखतंय खाली, पन वढ इथनं हाय," त्या पुटपुटल्या. दहा मिनिटं पोटरी मळली, खालून वर, कणीक मळावी तशी. मग अंगठा हळूच मागं वाकवून तळव्याची शीर ताणली. मग बोटांच्या पेरांनी तळव्यावरचे बिंदू एकेक करून दाबले. एका ठिकाणी महाराज "आई गं" म्हणाले, तिथं त्या थांबल्या, श्वास सोडायला सांगितला आणि श्वासाबरोबर दाब सोडला. शेवटी तूप लावून वाटी फिरवली. फिरवता फिरवता तूप काळं पडलं. मग त्यांनी महाराजांना भिंतीला हात लावून, दुखरा पाय मागं ठेवून, टाच न उचलता पुढं झुकायला लावलं. तीन वेळा.

महाराजांनी पाऊल टाकलं. मग दुसरं. ओसरीच्या टोकापर्यंत गेले आणि वळले.

"दुखतंय का?" मारुतरावांनी विचारलं.

"दुखतंय. पण उभं राहता येतंय."

"पायाखाली घोंगडी दुहेरी घाला आज," बाई म्हणाल्या, "आन् येका पायावर भार देऊ नका. टाळकऱ्यांकडं बघता बघता भार बदलत ऱ्हावा."

सात वाजता मृदंगावर थाप पडली. मांडव भरून बाहेर रस्त्यापर्यंत माणूस. महाराज दुहेरी घोंगडीवर उभे राहिले आणि त्यांनी नामाचा गजर उचलला, तो असा की टाळकऱ्यांची पावलं आपोआप नाचायला लागली. पाऊण तास कथा रंगली. मग महाराज थांबले. टाळ थांबले.

"मंडळी, आपला देव बसलेला आहे का?"

"न्हाई!"

"निजलेला?"

"न्हाई!"

"उभा आहे. भक्तासाठी तिष्ठत उभा आहे. आणि आपण राउळात गेल्यावर आधी कुठं बघतो? त्याच्या मुखाकडं नाही, पायांकडं. मग ज्या पायांनी तुम्ही रान कसता, पोरं वाढवता, इथवर चालत येता, त्या पायांत तो नाही का? आज माझा पाय चालत नव्हता. एका माऊलीनं तो मांडीवर घेतला. मी आधी आखडून घेतला, कारण मला वाटलं दोष लागेल. अहो, लेकराचा पाय आईच्या मांडीवर असला तर दोष कुणाला लागतो? आता खरं सांगा, या गावात तिच्यापुढं पाय आखडून घेतलेले किती? हात वर करा!"

मांडवात हशा उसळला. मग हशा विरला, कारण बायांच्या बाजूनं एक हात खरंच वर आला होता. रतनबाईचा. तिनं दुसऱ्या हातानं डोळ्यांना पदर लावला होता. तिच्या शेजारी रंगुबाईचा हात आला, मग पुरुषांच्या बाजूला चार, मग दहा. कस्तुराबाईंनी तोंड खाली घातलं. वर बघायचं त्यांना धाडस होईना.

"विठोबा रखुमाई!" महाराजांनी टाळी वाजवली, आणि त्या रात्री धामणवाडीत जो गजर झाला, तो जुन्या माणसांनीही तोवर ऐकलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी काकडा आटोपून बाई खोलीचं दार उघडायला गेल्या, तर पायरीवर रतनबाई बसलेली. पायांना साबणाचा वास. तीनदा धुतले होते तिनं, भेगांतली माती ब्रशनं काढून.

"घासून घासून रगत काढलंस की गं!" बाई रागावल्या. "जखमंवर मी न्हाई दाबत. टाच सोडून बाकीचा पाय घेते आज. टाचंला नुसतं तूप."

"आक्का, पाप न्हाई ना खरंच?"

"आसलं तर माझ्या नावावर. बस."

रतनबाईनं पाय पुढं केला. तो अर्ध्या वाटेत थांबला. बाईंनी घोटा धरून तो अलगद मांडीवर घेतला. तीस वर्षं त्यांच्याच शेतात वाकून राबलेला पाय. मग रतनबाई एकदम म्हणाली, "गुदगुल्या व्हत्यात वो आक्का!" आणि खोलीत शिरलेल्या बाया खो-खो हसल्या.

काल्याच्या सकाळी खताचा टेम्पो आला. हात वर केले म्हणून कोणी पाय देत नाही, असं धरून मारुतराव सप्ताहाच्या धांदलीत खोलीकडं फिरकलेच नव्हते; आता ते टेम्पोपुढं चालत होते. देवळामागं येऊन बघतात तर दाराबाहेर चपलांचा खच, आणि पायरीवर ओळीनं माणसं. टाळकरी, बाया, मागच्या वळणावरचा शिंपी, केडगावाहून रेल्वेनं कामाला जाणारी दोन पोरं. ड्रायव्हरनं विचारलं, "आबा, गोण्या कुठं?"

मारुतरावांनी दाराकडं कान दिला. आतून बायकोचा आवाज येत होता: "श्वास सोड. सोड की गं, उसना घेतलाय का!" त्या आवाजात त्यांनी चाळीस वर्षांत न ऐकलेलं काहीतरी होतं.

"माझ्या ओसरीवर टाक," ते म्हणाले. "समद्या."

टेम्पो वळला. मारुतराव मात्र तिथंच उभे होते. शेवटी त्यांनी चपला काढल्या आणि सरळ दाराकडं निघाले. तशी रांगेतली रंगुबाई ओरडली, "ओ चेअरमन! मागं या, मागं. हितं वशिला न्हाई."

"अगं, मी तिचा नवरा हाय!"

"म्हून तर शेवटला नंबर!" आतून कस्तुराबाईंनी ठणकावलं.

पायरीवर हास्याचा लोट उठला. मारुतराव लाजले, मिशीतल्या मिशीत हसले आणि शिंप्याच्या मागं, रांगेच्या टोकाला जाऊन बसले. बसल्या बसल्या त्यांनी धोतर जरा वर सरकवलं आणि आपले पाय पुढं उन्हात लांब पसरले.