जानोशातला पाहुणा

नांदुऱ्याच्या स्टेशन रोडवर अर्पिताचं पत्रिका छापायचं दुकान, आन् त्याले लागूनच माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं. मधात नुसता पत्रा. तिकडे कोणी शिंकलं तं इकडून मी "सत्य हाय" म्हणतो.

त्या दिवशी शिंक नाई, रडका आवाज आला. "सुधाकरभाऊ, या ना जरा!"

गेलो. जळगाव जामोदच्या सिंधूताईच्या पोरीचं लग्न. पुण्याच्या भाच्यानं पत्रिका बनवून पेनड्राइव्हमधी देल्ली, पण नव्या सॉफ्टवेअरमधी. अर्पिताच्या जुन्या लिनक्स सिस्टीमवरचं जुनं सॉफ्टवेअर ते उघडेच ना. बाई संध्याकाळच्या बसनं नमुना पाहाले येणार. नमुना नाई तं ऑर्डर खामगावले.

"मंग नवं टाक ना."

"कसं टाकू भाऊ? मागच्या सिझनले पुरी सिस्टीम नवी केली, तं प्रिंटरनंच जीव सोडला. जुनी परत टाकेपर्यंत गिऱ्हाईक पांगलं. यंदा तसं झालं तं दुकानच बंद करा लागन."

कोपऱ्यातून तिचे सासरे हिंमतराव बोलले. रिटायर कारकून. दसऱ्याच्या पूजेत त्यायनं कॉम्प्युटरले लाल धागा बांधला होता. "लग्नसराई सरेपर्यंत धागा सुटत नाई, आन् मशीनमधी नवं काई जात नाई. बस!"

मले मजा सुचली. "काका, तुमच्या लग्नात वऱ्हाड कुठं उतरलं होतं?"

"जानोशात. गावच्या शाळेत. काऊन बे?"

"गाद्या, भांडे, न्हावी?"

"सगळं संग नेलं होतं."

"नवरीच्या सैपाकघरात कोणी घुसलं?"

"कोणाची हिंमत होती!"

दुकानामागच्या घरातून रुक्मिणीकाकू म्हणल्या, "हेच घुसले होते. पापड चोराले."

अर्पिता पदरात तोंड घालून हासली. मी म्हणलं, "काका, जुन्या पद्धतीचं सॉफ्टवेअर असंच, तुमच्यासारखं. सैपाकघरात घुसते, डबे इकडचे तिकडे करते. आता फ्लॅटपॅक नावाचं निघालं. त्यातलं सॉफ्टवेअर आपलं सामान संग आणते आन् जानोशातच राह्यते. तुमच्या सिस्टीमले, प्रिंटरले हात नाई लावत. नाई जमलं तं पाहुणा रवाना, घर जसंच्या तसं."

हिंमतराव धाग्याकडे पाहू राह्यले. अर्पितानं घड्याळाकडे पाह्यलं आन् स्वतःच इन्स्टॉलचं बटन दाबलं.

पाहुणा मोठा होता, उतराले दोन चहा लागले. शेवटी उघडलं. पण फाईल शोधाले गेली तं पेनड्राइव्हच दिसेना.

"पाह्य! गिळला!" हिंमतराव उठले.

अर्पितानं पेनड्राइव्ह काढून परत घातला. मले सगळं माहीत होतं, पण मी चहाच फुंकत बसलो. तिनं माझ्याकडे डोळे बारीक करून पाह्यलं.

"भाऊ, हासू राह्यले तुमी. म्हंजे... जानोशातल्या पाहुण्याले आपलं घर दिसत नाई. दार आपण उघडा लागते?"

"हाव!"

परवानग्यांची खिडकी तिनंच धुंडाळली. पेनड्राइव्हमधी फक्त पाहाची परवानगी, लिहाची नाई. ठेवाले एकच फोल्डर. पत्रिका पडद्यावर उघडली, गणपतीसकट.

आता खरी भीती प्रिंटरची. अर्पिता आतून जाड कागद आणाले गेली, आन् माझे हात काय खिशात राह्यतात? फाईलची एक कापी केली, दोन-चार ओळी बदलल्या, आन् तिचीच पीडीएफ काढून जुन्या सॉफ्टवेअरमधी उघडून ठेवली.

ती आली. पीडीएफ जुन्या सॉफ्टवेअरलेही उघडते, म्हणून छपाई तिथूनच द्याची होती. तिनं बटन दाबलं. मंग प्रिंटर खरखरला, दरवर्षीसारखाच चिडून. कागद बाहेर आला. हिंमतरावांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "चि. हिंमतराव आणि चि. सौ. कां. रुक्मिणी... तळटीप: पापडांवर पहारा ठेवलेला आहे."

मी दाराकडे सरकलोच होतो. पण काकू बाहेर आल्या, कागद घेतला आन् पदर तोंडाले लावून अशा हासल्या की हिंमतरावांले चिडाचं सुचलंच नाई.

सिंधूताई आल्या तवा खरा नमुना टेबलावर होता. तो पाह्यला, मान डोलावली. मंग काकूच्या हातातला कागद वाचला.

"अर्पिता, नमुना पक्का. पण ही पापडाची ओळ आमच्यातही टाक बरं. आमचा जावाईही तसलाच दिसते."

अर्पितानं ओळ टाकली. हिंमतराव उठले, देव्हाऱ्यातून लाल धाग्याचं रीळ आणलं आन् मशीनवर जुन्या धाग्याशेजारी नव्या सॉफ्टवेअरच्या नावची एक गाठ मारली.

"पाहुण्याले राहू दे," ते म्हणले. "लग्नसराई सरेपर्यंत."