ताईला विचारलंस का?

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ऑपरेटर होते तेव्हा आमच्या सुपरवायझर बाई पाठीमागे फेऱ्या घालत असत. दोन माणसांची लाइन जोडून दिली की खांद्यावर टिचकी मारत. "जोडलंस ना? मग आता कान काढ." दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही, कानावर पडलंच तर बाहेर न्यायचं नाही. त्या शिस्तीत माझी उमेदीची सगळी वर्षं गेली.

आता घरात मी एकटी. बोलायला म्हणून घरच्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. सकाळी उठून तो उघडायचा, कोण कुठे गेलं, कुणाला सर्दी झाली ते वाचायचं. तेवढीच माणसांची चाहूल.

परवा त्यावर भाच्याने ताईचा व्हिडिओ टाकला. ताई, माझी थोरली बहीण, हल्ली विसरते. व्हिडिओत ती स्वतःच्याच मुलाला, म्हणजे या भाच्यालाच, विचारत होती, "तुम्ही कोणाकडे आलात?" आणि हा कॅमेऱ्यामागून खिदळत होता. खाली हसऱ्या चेहऱ्यांची ही रांग.

मी त्याला फोन लावला.

"काढून टाक ते."

"अगं मावशी, घरचेच तर आहेत सगळे!"

"ताईला विचारलंस का?"

"तिला काय कळतंय आता?"

"तिला कळत नाही, म्हणून तुला कळायला हवं."

"झालं! एक्स्चेंजच्या बाई ड्युटीवर आल्या," म्हणत त्याने फोन ठेवला.

चारचौघांत बोलले तर आहेत तीही माणसं दुरावतील, हे मला दिसत होतं. तरी ग्रुपवर लिहिलं, "ताईला न विचारता हे टाकलं आहे. कृपा करून काढा. कुणी पुढे पाठवलं असेल तर तिथूनही काढायला सांगा."

सगळ्यांनी वाचलं. संध्याकाळी व्हिडिओ गेला.

त्यानंतर ग्रुप गपगार. वाटलं, असतील आपापल्या व्यापात. मग भाचीचा फोन आला. बोलता बोलता तिच्या तोंडून निसटलं, नवा ग्रुप काढलाय.

"मावशी, दादाला नुसतं सॉरी म्हण ना. मी लगेच घेते तुला."

"ताईचं काही टाकतात का तिथे?"

"छे गं! आता कुणाची टाप आहे?"

"मग सॉरी कशाचं?"

ती ओशाळं हसली. "हट्टी आहेस हं तू."

"आहेच मुळी."

फोन ठेवल्यावर खोली इतकी गप्प झाली, की मीच उगाच खाकरले.