सासूबाईंना गिधाड दाखवलं त्याची गोष्ट

जखमी पक्ष्यांच्या केंद्रात मी माहिती सांगायच्या कामावर आहे. पक्ष्यांना हात लावणं माझ्या कामात बसत नाही, हे मी घरी कधीच सांगितलं नव्हतं. घरच्यांचा समज असा, की गिधाडं माझ्या शब्दाबाहेर नाहीत.

म्हणून सासूबाई केंद्र बघायला आल्या तेव्हा मी जरा जास्तच फुशारलो. पंख मोडलेलं एक गिधाड बरं होत आलं होतं, त्याचं वजन करायचं होतं. डॉक्टरीणबाई काटा आणायला गेल्या आणि मी जाळीपाशी सुरू झालो.

"मानेवर पिसं नाहीत, बघा. मेलेल्या जनावराच्या पोटात डोकं घालायचं, तर पिसांना घाण चिकटायला नको."

"म्हणजे टक्कल कामाचं असतं," सासूबाई माझ्या डोक्याकडे बघत म्हणाल्या. "एकेकाचं."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "पोटातलं आम्ल इतकं जहाल, की सडक्या मांसातले रोगजंतूसुद्धा मरतात. स्वभावानं मात्र अगदी गरीब. थांबा, जवळून दाखवतो."

आणि मी कडी काढली. कुणी सांगितलं होतं?

गिधाड मला ढकलून बाहेर आलं आणि त्यानं पंख पसरले. मी दोन पावलं मागे. नियम तोंडपाठ होता: पक्ष्याच्या डोक्यावर ब्लँकेट टाकायचं, अंधार झाला की तो शांत होतो. दाराशी टांगलेलं ब्लँकेट मी ओढलं, जोरात फेकलं, आणि ते माझ्याच डोक्यावर पडलं. अंधार झाला, पण मी काही शांत झालो नाही. तेवढ्यात पोटावर काहीतरी गरम, भयंकर वासाचं आदळलं. घाबरलेलं गिधाड ओकतं, ही माहिती मी रोज दोनदा लोकांना सांगतो.

डोकं बाहेर काढलं तेव्हा सासूबाई गिधाडाशेजारी जमिनीवर बसल्या होत्या. त्यांची शाल त्याच्या डोक्यावर, आणि मिटलेले पंख त्यांच्या दोन्ही हातांत. तीस वर्षं नर्स होत्या त्या.

"ओरडू नका, जावईबापू. पेशंट घाबरतो."

काटा घेऊन परतलेल्या डॉक्टरीणबाईंनी आधी गिधाडाकडे बघितलं, मग सासूबाईंकडे, आणि मग नाक दाबून माझ्याकडे.

"मावशी, आठवड्यातून दोन दिवस याल का?"

सासूबाई येऊ लागल्या. त्या जखमा धुतात, आणि पट्ट्या कापून द्यायला मला हाक मारतात.

दीड महिन्यानं ते गिधाड डोंगरावर नेऊन सोडलं. पेटीचं दार सासूबाईंनीच उघडलं. मी जमलेल्या लोकांना माहिती देत होतो, पण सगळे वर बघत होते. मग मीही गप्प बसलो आणि वर बघितलं.