मेणबत्ती विझवायची पाळी

इन्स्पेक्टर आल्यापासून हेस्टर रॅग दाराकडे बघत होती. चहाचा दुसरा कप संपला तरी तिची नजर तिथून हलेना.

इंग्लंडातल्या लिंकनशायरच्या सपाट, पाणथळ मुलखातली ही चर्चची शाळा, आणि हेस्टर तिथली हेडमिस्ट्रेस. हे इन्स्पेक्टर, पेटिफर, गणित-वाचन तपासायला आले नव्हते. त्यासाठी दुसरे लोक येतात, त्यांची भीती आता अंगवळणी पडली होती. पेटिफरना चर्चनं पाठवलं होतं. ख्रिस्ताच्या नावानं भिंतीवर जे रंगवलंय, तसं शाळा वागते का, एवढंच त्यांना बघायचं होतं. ते कुठल्या पट्टीनं मोजतात देव जाणे, पण मोजतात आणि निकाल गावभर होतो.

हॉलच्या भिंतीवर मेंढपाळ होता. नव्याण्णव मेंढरं रानात सोडून हरवलेल्या एकाला शोधायला निघालेला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'इथे कुणी हरवत नाही'.

आणि काल संध्याकाळी त्यातलं एक मेंढरू हेस्टरनं स्वतःच बाहेर काढलं होतं. ब्रायनी टक, सात वर्षांची. प्रार्थनेत मध्येच ओरडायची, राग आला की चावायची. बिशप आले तेव्हा खुर्चीखाली शिरून तिनं त्यांच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या होत्या. हेस्टरनं तिच्या आईला, डॉनला, फोन केला. उद्या तिला घरीच ठेव, पोट दुखतंय म्हणून सांग. डॉन म्हणाली, "बरं, मिस." डॉनसुद्धा लहानपणी हेस्टरच्याच वर्गात होती.

आता कुणी पोर बोलून जाईल का, याच धास्तीत हेस्टर बसली होती. मुलं काहीही बोलतात. दारापाशी पावलं वाजली तरी ती दचकत होती.

"मिसेस रॅग," पेटिफर शांतपणे म्हणाले, "तो भिंतीवरचा मेंढपाळ. या शाळेत तो मला कुठे भेटेल?"

पाठ केलेलं उत्तर तिच्या ओठांवर आलं, तेवढ्यात ऑफिसातल्या ऑगलबाई दार न वाजवताच आत आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. डॉनचा फोन होता. ती कोंबड्यांना दाणे टाकायला मागे गेली आणि परत येऊन बघते तर ब्रायनी घरात नाही. कोटही नाही.

टक यांच्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता मोठ्या कालव्याच्या कडेनं येतो, मध्ये एक पूल लागतो. काठाला कठडा नाही. हिवाळ्याचं पाणी काठोकाठ भरलेलं, आणि शेतातलं बीट वाहणारे ट्रक तिथून असे सुटतात की मोठी माणसंसुद्धा गवतात उतरून उभी राहतात.

निकाल, बिशप, पेटिफर, सगळं तिच्या डोक्यातून पुसलं गेलं. "मला जायला हवं," एवढंच म्हणून ती उठली. कोटही घेतला नाही.

ती धावत होती आणि धावता धावता ब्रायनीला हाका मारत होती. वारा हाका मागे फेकत होता. पाण्याकडे बघायचा धीर होईना, आणि न बघता पुढे जाणंही जमेना. काठावरचे वाकलेले बोरू दिसले की ती थबकायची. फोनवर आपण काय बोललो ते शब्दन् शब्द तिला आठवत होतं. मीच केलं हे, ती मोठ्यानं म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं.

पुलाच्या पलीकडच्या टोकाला, गवतात, लाल कोट घालून ब्रायनी बसली होती.

हेस्टरनं पूल ओलांडला आणि तिच्याजवळ मटकन खाली बसली. तिला रडू आवरेना. ब्रायनी तिच्याकडे टक लावून बघत राहिली.

"पुलावरून एकटीनं जायचं नाही," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंय. मी कुणीतरी यायची वाट बघत होते."

"अगं, मग घरीच का नाही थांबलीस?"

"आज मेणबत्ती विझवायची पाळी माझी आहे."

अकराच्या प्रार्थनेत मेणबत्ती लागायची आणि शेवटी एका मुलानं ज्योतीवर छोटी पितळी टोपी धरून ती विझवायची. रोज नवं मूल. आज कुणाची पाळी आहे हे हेस्टरनं बघितलंसुद्धा नव्हतं.

तिनं डॉनला आणि ऑगलबाईंना फोन केला आणि ब्रायनीचा हात घट्ट धरून परत निघाली. शाळेच्या फाटकात पेटिफर उभे होते. ते दिसताच ब्रायनीनं आपला हात सोडवून घेतला आणि पोटावर दाबून धरला.

"सापडलीस तर," पेटिफर खाली वाकून म्हणाले. "तब्येत बरी नाही, असं ऑफिसात म्हणाले."

"पोट दुखतंय," ब्रायनी लगेच म्हणाली. आईनं शिकवलेलं तिनं नीट पाठ केलं होतं. चेहराही वाकडा केला.

पेटिफरनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला होता. हेस्टरनं नुसतं गप्प राहायचं होतं, बाकी सगळं ती चिमुरडी सांभाळत होती. हेस्टरनं पोरीचा तो इवलासा हात बघितला, इमानेइतबारे पोटावर दाबलेला.

"तिचं पोट दुखत नाहीये," हेस्टर म्हणाली. "तुम्ही येणार होतात म्हणून मीच तिला येऊ नको म्हटलं."

पेटिफर सरळ उभे राहिले.

ब्रायनीनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग हेस्टरकडे. हात अजून पोटावरच होता.

"मिस," तिनं हळूच विचारलं, "मग आता पोट दुखायचं थांबवू?"